अकरा वर्षांनी मागे घेतलेला आकडा

मागच्या आठवड्यात कार्बन डेटिंगवर चार ओळी टाकल्या, तर खाली एक कॉमेंट आली. "सायन्सवाल्यांचे आकडे दर दहा वर्षांनी बदलतात, मग विश्वास ठेवायचा तरी कशावर?" विचारणाऱ्याने चेष्टेत विचारलं असेल, पण प्रश्न खरा आहे. आणि त्याचं उत्तर कॉमेंटमध्ये मावत नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, आधीच सांगतो. वेळ असेल तेव्हा वाचा.

आकडे बदलतात हे शंभर टक्के मान्य. ताजं उदाहरण देतो. समॅरियम नावाचा धातू आहे. त्याचा एक किरणोत्सारी प्रकार म्हणजे समॅरियम-१४६. १९६६ आणि १९८७ सालच्या मोजण्यांवरून त्याचं अर्धायुष्य १० कोटी ३० लाख वर्षं धरलं जात होतं. २०१२ साली जपान, इस्रायल आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या एका गटाने 'सायन्स' या जगातल्या अव्वल नियतकालिकात लिहिलं की नाही, ते ६ कोटी ८० लाख आहे. २०२३ साली तो पेपर मागे घेतला गेला. २०२४ साली स्वित्झर्लंडमधून तिसरा आकडा आला, ९ कोटी २० लाख.

आता कुणीही म्हणेल, बघा, यांचंच ठरत नाही. पण हे आकडे येतात कुठून ते आधी बघू.

अर्धायुष्य म्हणजे काय? किरणोत्सारी पदार्थाचे अणू आपोआप फुटतात किंवा बदलतात, आणि त्यांचं दुसरंच मूलद्रव्य होतं. जेवढे अणू आहेत त्यातले निम्मे संपायला लागणारा वेळ म्हणजे अर्धायुष्य. कोणता अणू कधी जाईल हे सांगता येत नाही, पण निम्मे कधी जातील हे पक्कं असतं. शिवाय अणू म्हातारा होत नाही. काल तयार झालेला आणि कोटी वर्षांपूर्वी तयार झालेला, दोघांची पुढच्या मिनिटाला जाण्याची शक्यता सारखीच.

पहिल्यांदा हे मोजलं ते अर्नेस्ट रदरफोर्डने. साल १९००, गाव कॅनडातलं मॉन्ट्रियल. थोरियममधून एक वायू निघत होता आणि त्याची किरणं झपाट्याने कमी होत होती. रदरफोर्डला दिसलं की साधारण दर मिनिटाला ती निम्म्यावर येतात. (आजचा आकडा ५५ सेकंदांच्या थोडा वर आहे, म्हणजे गडी किती जवळ होता बघा.) हे काम सोपं होतं, कारण समोर बसून बघता येत होतं. घड्याळ लावा, दर अर्ध्या मिनिटाला नोंद करा, दहा मिनिटांत खेळ खलास.

पण ज्याचं अर्धायुष्य दहा कोटी वर्षं आहे त्याच्यासमोर कोण बसणार?

इथे एक युक्ती आहे, आणि ती आपल्या नगरपालिकेच्या उदाहरणाने चटकन समजेल. समजा एखाद्या गावातली माणसं सरासरी किती वर्षं जगतात हे काढायचंय. त्यासाठी एकेका माणसाच्या मागे सत्तर वर्षं फिरायची गरज नाही. दोन कागद पुरतात. एक जनगणनेचा, म्हणजे गावात माणसं किती. दुसरा मृत्यूनोंदीचा, म्हणजे वर्षाला दगावतात किती. माणसांच्या बाबतीत हा हिशेब ढोबळ ठरतो, कारण माणूस म्हातारा होतो. अणू म्हातारा होत नाही, म्हणून अणूंच्या बाबतीत तो अगदी चोख बसतो. अणूंची संख्या भागिले दर सेकंदाला जाणारे अणू, गुणिले ०.६९३. आलं अर्धायुष्य.

म्हणजे लाखो-कोटी वर्षांचं अर्धायुष्य हे कुणी पाहिलेलं नसतं. तो एक भागाकार असतो. आणि भागाकारात वरची संख्या चुकली तरी उत्तर चुकतं, खालची चुकली तरी चुकतं. या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासात जेवढे आकडे बदलले, त्यातले बहुतेक या दोन कागदांतल्या एकात गडबड झाली म्हणून बदलले. एक तर जनगणना चुकली, नाहीतर मृत्यूनोंद.

कार्बन-१४ चंच घ्या. फेब्रुवारी १९४० मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीला मार्टिन केमन आणि सॅम्युअल रुबेन यांनी तो शोधला. पुढच्या दहा वर्षांत वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी त्याचं अर्धायुष्य मोजलं, आणि उत्तरं पाच हजारांपासून सात हजार वर्षांपर्यंत पसरली. नमुना वायूच्या रूपात नळीत भरून मोजायचा, तर थोडा वायू नळीच्या भिंतीला चिकटून बसे, कडेला झालेली फूट यंत्राला दिसत नसे. मृत्यूनोंदीतच गळती. शेवटी विलार्ड लिबी या शास्त्रज्ञाने भरवशाच्या मोजण्यांची सरासरी काढून ५५६८ वर्षं हा आकडा धरला आणि त्यावर जगभरची कार्बन डेटिंग सुरू झाली. १९६० साली त्याला नोबेल मिळालं. आणि १९६२ साली केंब्रिजच्या परिषदेत ठरलं की बरोबर आकडा ५७३० च्या आसपास आहे. तीन टक्क्यांची चूक.

मग सगळ्या जुन्या तारखा रद्द? नाही. तोवर ५५६८ धरून काढलेल्या तारखा जगभर छापून झाल्या होत्या. काही जुन्या, काही नव्या आकड्याने छापल्या असत्या तर गोंधळ उडाला असता. म्हणून ठरवलं की प्रयोगशाळेने तारीख कळवताना जुनाच आकडा वापरायचा, सगळ्यांनी एकच. ज्याला दुरुस्ती हवी त्याने १.०३ ने गुणावं. आजही तेच चालू आहे. पुढे झाडांच्या वर्षवलयांशी ताळा घालून तारखा दुरुस्त करायची पद्धत आली, आणि त्यात ही तीन टक्क्यांची चूकही आपोआप निघून जाते.

याचा आपल्याशी संबंध असा, की शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ जे उत्खनन केलं, त्यातल्या कोळशाच्या तारखा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत निघाल्या. त्यांच्या नमुन्यांच्या क्रमांकामागे 'टीएफ' लिहिलेलं असतं. फेसबुकवर कुणी "अमुक पांढरीचं टेकाड इतक्या हजार वर्षांपूर्वीचं" असं ठोकून देतो तेव्हा मला पहिला प्रश्न पडतो तो हाच, की ५५६८ ने, ५७३० ने, की दुरुस्त करून? पहिल्या आकड्याने ३००० वर्षं येणारा नमुना दुसऱ्याने जवळपास ३०९० वर्षांचा होतो.

कार्बन-१४ तसा मुबलक. एका ग्रॅम ताज्या कार्बनमध्ये त्याचे सुमारे ६ हजार कोटी अणू असतात आणि मिनिटाला चौदाच्या आसपास जातात. अणुभट्टीत तर तो हवा तेवढा बनवता येतो. खरी पंचाईत आहे ती पृथ्वीवर जवळपास नसलेल्या समस्थानिकांची. मोजायला मालच नाही तर मोजणार काय?

इथे गोष्टीत भंगार येतं.

स्वित्झर्लंडमध्ये फिलिगेन गावात पॉल शेरर इन्स्टिट्यूट आहे. तिथे प्रोटॉन कणांचा प्रचंड जोराचा झोत तयार करणारं यंत्र आहे. तो झोत अडवायला तांब्याचा ठोकळा ठेवलेला असतो. असा एक ठोकळा १९८० ते १९९२, बारा वर्षं, झोताचा मार खात उभा होता. नंतर तो काढून टाकला. किरणोत्सारी कचरा. कुणी जवळ जाणार नाही अशी वस्तू. पण डोरोथिया शुमान आणि त्यांच्या सहकारी रसायनशास्त्रज्ञांनी त्या कचऱ्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. बारा वर्षांच्या माऱ्यात तांब्याच्या अणूंचे तुकडे उडून त्यातून असे समस्थानिक तयार झाले होते जे बाजारात कुठेही मिळत नाहीत. त्यातला एक लोह-६०. त्यांनी या उद्योगाला 'इरावास्ट' असं नावही दिलं, म्हणजे यंत्राच्या कचऱ्यातून दुर्मीळ समस्थानिक.

लोह-६० ला एवढा भाव कशाला? कारण तो मोठे तारे आपल्या पोटात घडवतात आणि स्फोट होऊन मरताना अवकाशात उधळतात. पृथ्वी जन्मली तेव्हाचा लोह-६० केव्हाच संपला. त्यामुळे आज कुठे सापडला तर तो बाहेरून आलेला. १९९९ साली म्युनिकच्या शास्त्रज्ञांना पॅसिफिक महासागराच्या तळाच्या खडकाळ थरात तो सापडला. पुढे अधिक नमुने तपासल्यावर चित्र स्पष्ट झालं, की वीस ते तीस लाख वर्षांपूर्वी आपल्या शेजारात कुठेतरी तारा फुटला होता आणि त्याची राख समुद्रावर पडली होती. २०१९ मध्ये अंटार्क्टिकाचा ५०० किलो बर्फ वितळवून त्यातही लोह-६० मिळाला.

पण किती राख पडली हे कसं सांगणार? आज जेवढे अणू उरलेत त्यावरून मागे हिशेब करायचा, आणि त्यासाठी अर्धायुष्य हवं. १९८४ ची मोजणी सांगत होती १४ लाख ९० हजार वर्षं. हा आकडा धरला तर २५ लाख वर्षांपूर्वी पडलेली राख आजच्या ३.२ पट असणार. अर्धायुष्य जास्त निघालं तर मूळची राख कमी, आणि मग तारा किती जवळ होता याचं गणितही हलणार.

फिलिगेनच्या मंडळींनी त्या ठोकळ्याच्या तांब्यातून लोखंड वेगळं केलं. लिहायला एक ओळ लागली, करायला काय लागतं याची कल्पना करा. नमुना किरणोत्सारी, त्यामुळे सगळी कामं आडोशाने. आम्लात विरघळवायचं, मग एकेक मूलद्रव्य बाजूला काढत जायचं. त्यात गोम अशी, की निकेलचाही एक प्रकार वजनाने ६० चाच आहे. अणू वजनाप्रमाणे निवडून मोजणारं यंत्र, मास स्पेक्ट्रोमीटर, त्याला लोह-६० आणि निकेल-६० यांतला फरक सहजी कळत नाही. जनगणनेला आलेला माणूस फक्त उंची मोजतोय आणि घरात दोन भाऊ एकाच उंचीचे, असा प्रकार. म्हणून यंत्रात घालण्याआधी रसायनशास्त्रज्ञाने निकेल हाकलून लावलेलं असलं पाहिजे. यंत्राचं कौतुक छापून येतं, ही हाकलाहाकली छापून येत नाही.

मोजणी झाली. अणू निघाले ५८७ लिहून त्यापुढे १३ शून्यं. ऐकायला अफाट वाटतं, पण वजन केलं तर एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाच्याही जेमतेम निम्मं.

आता मृत्यूनोंद. लोह-६० जाताना सोडतो ती किरणं इतकी दुबळी की थेट मोजणं अवघड. मग त्याच्या वारसाला मोजायचं. लोह-६० चा होतो कोबाल्ट-६०. हे नाव तुमच्या ओळखीचं असेल. कॅन्सरच्या पेशंटला 'शेक' देतात ते कोबाल्ट मशीन, त्यातला हाच. त्याचं अर्धायुष्य सव्वापाच वर्षं, म्हणून त्या मशीनमधला स्रोत काही वर्षांनी बदलावा लागतो, आणि तो जुना होत जातो तशी शेकायची मिनिटं वाढवावी लागतात. कोबाल्टची किरणं जोरदार, मोजायला सोपी. तेव्हा नमुन्यातून आधीचा सगळा कोबाल्ट काढून टाकायचा, पाटी कोरी करायची, आणि नवा कोबाल्ट किती वेगाने साठतोय ते बघत थांबायचं. हे म्युनिकमध्ये झालं. सेकंदाला साधारण ५० अणू जात होते. भागाकार केला, २००९ साली छापला. २६ लाख २० हजार वर्षं, चूक झालीच तर ४० हजार इकडेतिकडे.

म्हणजे जुना आकडा पाऊणपटीने वाढला. ३.२ पटीचा हिशेब १.९ पटीवर आला.

पण मला यातलं आवडलेलं पुढेच आहे. एवढा मोठा बदल एका गटाच्या शब्दावर कुणी मुकाट मान्य केला नाही. २०१५ साली दुसऱ्या गटाने वेगळ्या पद्धतीने मोजलं, २५ लाख. २०१७ साली आणखी एकांनी मोजलं, २७ लाख २० हजार. दोन्ही आकडे आपापल्या चुकीच्या मर्यादेत २६ लाखांशी जुळले. तेव्हा कुठे १९८४ चा आकडा खऱ्या अर्थाने बाजूला पडला.

आपल्याकडे हे काम कुणी करत नाही असं समजू नका. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या सुमारास प्लुटोनियमच्या समस्थानिकांची अर्धायुष्यं मोजून परदेशी नियतकालिकांत छापली आहेत. तिथे प्रश्न ताऱ्यांचा नसतो, साठ्याचा असतो. आकडा चुकला तर गोदामातल्या मालाचा हिशेब लागत नाही.

आता परत समॅरियमकडे.

समॅरियम-१४६ चं महत्त्व असं, की सूर्यमाला जन्मली तेव्हा तो होता आणि पुढे हळूहळू संपला. तो संपून निओडिमियम-१४२ होतो. चंद्राच्या, मंगळाच्या, पृथ्वीच्या जुन्या खडकांत या निओडिमियमचं प्रमाण कमीजास्त दिसतं, त्यावरून हे गोळे वितळलेल्या अवस्थेतून कधी थरांत वेगळे झाले हे काढतात. साधा हिशेब बघा. एखाद्या खडकावरून कळलं की तो घडेपर्यंत समॅरियम-१४६ चौथा हिस्सा उरला होता, म्हणजे दोन अर्धायुष्यं उलटली. १० कोटी ३० लाख धरलं तर सूर्यमाला सुरू झाल्यापासून २० कोटी ६० लाख वर्षं. ६ कोटी ८० लाख धरलं तर १३ कोटी ६० लाख. तोच खडक, तेच मोजमाप, आणि सात कोटी वर्षांचा फरक.

म्हणून २०१२ च्या पेपरने खळबळ उडाली. काहींनी नवा आकडा उचलला, काही जुन्यावर राहिले. बरं, दोन्ही बाजू शहाण्या. २०२० साली रसायनशास्त्राच्या आणि भूविज्ञानाच्या जागतिक संघटनांच्या संयुक्त गटाने सगळी कागदपत्रं तपासली आणि म्हटलं, सध्या एकाही आकड्याची शिफारस करता येत नाही. माझ्या मते हे फार मोठं वाक्य आहे. अधिकार हातात असताना "ठरवता येत नाही" असं लिहून द्यायला हिंमत लागते. आपल्याकडच्या कुठल्या चौकशी समितीने असं लिहून दिल्याचं मला आठवत नाही.

मग २०२३. त्या २०१२ च्या कामात नमुने तयार करण्याच्या पायरीतच चूक सापडली. आपल्या त्या दोन कागदांपैकी जनगणनेचा कागद बिघडलेला. सिद्धांत चुकला नव्हता, कोट्यवधींचं यंत्रही चुकलं नव्हतं. चूक होती ती टेबलावरच्या तयारीत, जिचा फोटो कुणी काढत नाही. पेपर छापणाऱ्याच नियतकालिकाने तो मागे घेतल्याची सूचना छापली, कारणासकट. आमच्या धंद्यात दिलगिरी कुठे छापतात तुम्हाला माहीत आहे. आतल्या पानावर, कुठल्यातरी जाहीर नोटिशीच्या खाली, आणि मूळ बातमी काय होती हे कळणारही नाही अशा भाषेत. इथे मूळ पेपर आजही वाचायला मिळतो, फक्त त्याच्यावर मोठा शिक्का आहे, 'मागे घेतला'.

रिकामी झालेली जागा भरून काढली पुन्हा फिलिगेननेच, आणि पुन्हा भंगारातूनच. या वेळी तांबं नाही, टँटलम धातू, तोही प्रोटॉनच्या माऱ्याखाली राहिलेला. त्यातून समॅरियम काढायचं. इथे तर शेजारी आणखी चिवट. निओडिमियमचाही एक प्रकार १४६ वजनाचा, आणि समॅरियम-निओडिमियम हे एकाच घराण्यातले, रासायनिक स्वभाव इतका सारखा की वेगळं करताना घाम फुटतो. शिवाय समॅरियम-१४६ जाताना जो अल्फा कण सोडतो तो कागदाच्या कपट्यानेही अडतो. नमुन्याचा थर जरा जाड झाला तर कण आतल्या आत अडकतात आणि मृत्यूनोंदीत येतच नाहीत. म्हणून थर अगदी पातळ हवा, पातळ हवा म्हणजे माल कमी, आणि माल कमी म्हणजे मोजणी लांबणार. अंदाज यावा म्हणून सांगतो, एका ग्रॅमचे दहा लाख भाग करून त्यातले अडीच घेतले तर त्यातून सेकंदाला अडीचच्या आसपास अणू जातात.

निघालेला आकडा ९ कोटी २० लाख, अधिक-उणे २६ लाख. २०२४ साली छापून आला. वरच्या उदाहरणातला खडक आता १८ कोटी ४० लाख वर्षांवर आला.

हा शेवटचा आकडा आहे का? लोह-६० च्या वेळी तीन गटांनी स्वतंत्रपणे मोजल्यावर गोष्ट स्थिरावली होती. इथे मोजणाऱ्यांनी आपला नमुना कसा काढला, किती माल होता, चुकीची मर्यादा कशी ठरवली, सगळं मांडून ठेवलंय, ज्याला खोडून काढायचं असेल त्याला सोय व्हावी म्हणून. तोवर चंद्राच्या वयावरचा २०१२ ते २०२३ मधला कुठलाही पेपर हातात आला, तर निष्कर्षाआधी तळटीप बघायची. लेखकाने अर्धायुष्य कुठलं धरलंय, १०.३ कोटी की ६.८. ६.८ असेल तर कॅल्क्युलेटर काढायचा आणि तारीख नव्याने मांडायची.